अर्ध्या साखळीत पुढे कोण? : क्रमवारीचे गणित

शाळेच्या किंवा तालुक्याच्या क्रीडास्पर्धा चालू असताना फळ्यावर लिहिलेला गुणतक्ता तुम्ही नेहमी पाहता. सर्व सामने संपले की तो तक्ता वाचणे सोपे असते. पण सामने निम्मेच झाले असतील तर? दोन संघांनी सारखेच विजय मिळवले असतील, पण एकाची गाठ बलाढ्य संघांशी आणि दुसऱ्याची दुबळ्या संघांशी पडली असेल तर? अशा वेळी पुढचा कोण आणि मागचा कोण, हे ठरवायचे कसे? या प्रश्नामागे एक सुंदर गणित दडलेले आहे. त्यासाठी बेरीज, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढेच भांडवल लागते.

बाद पद्धत आणि साखळी पद्धत

स्पर्धा घेण्याच्या दोन मुख्य पद्धती तुम्हांला ठाऊक आहेतच. बाद पद्धतीत जो हरला तो घरी गेला. ६४ संघ असले तरी ६३ सामन्यांत विजेता ठरतो, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. ही पद्धत झटपट होते, परंतु तीत नशिबाचा भाग मोठा असतो. पहिल्याच फेरीत सर्वांत बलवान संघाशी गाठ पडली, तर दुसऱ्या क्रमांकाचा संघही पहिल्याच दिवशी बाद होतो.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. संघ ६ असतील तर प्रत्येकाचे ५ सामने. ६ गुणिले ५ म्हणजे ३०. पण दारव्हा-नेर आणि नेर-दारव्हा हा एकच सामना असल्याने २ ने भागायचे. उत्तर १५. ही पद्धत अधिक न्याय्य, पण वेळ आणि पैसा खाणारी. संघ १२ झाले की सामने ६६ होतात!

दारव्ह्याचे एक उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. आता आपण एक काल्पनिक स्पर्धा घेऊ. समजा, दारव्ह्याच्या मैदानावर सहा गावांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांची साखळी स्पर्धा भरली आहे. संघ असे : यवतमाळ, दारव्हा, पुसद, नेर, आर्णी आणि दिग्रस. बास्केटबॉल मुद्दाम घेतला आहे, कारण या खेळात सामना बरोबरीत सोडत नाहीत. वेळ संपताना गुण समान असतील तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ देऊन निकाल लावतात. त्यामुळे आपल्या गणितात विजय आणि पराजय या दोनच गोष्टी येतील.

नऊ सामने झाले आणि अवकाळी पावसाने मैदान भरले. पुढे परीक्षा तोंडावर. उरलेले सहा सामने होणे शक्य नाही आणि पुढच्या फेरीसाठी दोन संघ तर पाठवायचे आहेत. झालेल्या सामन्यांचे निकाल असे :

यवतमाळने दारव्हा, पुसद व आर्णी यांना हरवले.
दारव्ह्याने पुसद व दिग्रस यांना हरवले.
पुसदने नेरला हरवले.
नेरने आर्णी व दिग्रस यांना हरवले.
आर्णीने दिग्रसला हरवले.

प्रत्येक संघाचे तीन सामने झाले. विजय मोजले तर यवतमाळ ३, दारव्हा २, नेर २, पुसद १, आर्णी १, दिग्रस ०. यवतमाळचे नाव पक्के. पण दुसरी जागा कोणाची? दारव्हा आणि नेर यांचे विजय सारखे आणि त्या दोघांचा आपसांतला सामना तर झालेलाच नाही. दोन्ही गावांच्या मुलांनी वर्षभर घाम गाळला आहे. चिठ्ठी टाकून निर्णय द्यायचा का?

गुणांचा फरक धरावा का?

कोणी म्हणेल, किती गुणांनी जिंकले ते पाहा. क्रिकेटमध्ये असे करतात. २०१९ च्या विश्वचषक स्पर्धेत न्यूझीलंड आणि पाकिस्तान या दोन्ही संघांचे साखळीअखेर ११ गुण झाले. दोघांचे विजयही समान होते. तेव्हा निव्वळ धावगती पाहिली गेली आणि न्यूझीलंड उपान्त्य फेरीत गेला. गंमत अशी की, त्याच साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवले होते! पाकिस्तानचा घात केला तो मुख्यतः पहिल्या सामन्याने. वेस्ट इंडीजपुढे १०५ धावांत सारा संघ गारद झाला आणि धावगती जी घसरली ती पुरती सावरलीच नाही.

हा नियम आधीच जाहीर झालेला असल्याने त्यात अन्याय नव्हता. पण त्याचा दोष ध्यानात घ्या. फरकाला महत्त्व दिले की दुबळ्या संघाला पुरते चिरडण्याचा मोह होतो. राखीव खेळाडूंना संधी देण्याऐवजी शेवटच्या मिनिटापर्यंत गुण ओरबाडले जातात. शिवाय दिग्रसला ४० गुणांनी हरवणे आणि यवतमाळशी २ गुणांनी हरणे, यांत मोठी कामगिरी कोणती हे नुसता फरक सांगत नाही.

प्रतिस्पर्धी कोण होता?

म्हणून दुसरा विचार पुढे येतो. कोणाशी खेळलात ते पाहू. दारव्ह्याचे प्रतिस्पर्धी यवतमाळ, पुसद आणि दिग्रस. त्यांचे विजय ३, १ आणि ०, एकूण ४. नेरचे प्रतिस्पर्धी पुसद, आर्णी आणि दिग्रस. त्यांचे विजय १, १ आणि ०, एकूण २. म्हणजे दारव्ह्याची वाट अधिक खडतर होती.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर येते. हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे तयार केला. आज तिथे वरच्या श्रेणीत ३५० हून अधिक संघ आहेत. सर्वांनी सर्वांशी खेळायचे म्हटले तर ६० हजारांहून अधिक सामने होतील. म्हणून संघांचे प्रादेशिक गट पाडतात. प्रत्येक संघ हंगामात सुमारे तीस सामने खेळतो आणि हंगामाच्या उत्तरार्धात बहुतेक सामने आपल्याच गटात होतात. एका गटातले २० विजय आणि दुसऱ्या गटातले २० विजय यांची किंमत मग सारखी कशी मानणार?

यासाठी १९८१ पासून २०१८ पर्यंत तिथे एक सूत्र वापरात होते. एकूण गुणांकनाचा पाव भाग स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाचा, अर्धा भाग प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाचा आणि उरलेला पाव भाग प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. विचार चांगला, पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडे. अगदी दुबळ्या संघाला हरवले तरी कधीकधी विजयी संघाचे गुणांकन खाली येई! कारण उघड आहे. तीन चतुर्थांश वजन दुसऱ्यांच्या कामगिरीला होते. २०१८ मध्ये या सूत्राची जागा नव्या पद्धतीने घेतली.

अर्ध्यापासून सुरुवात

आता आपण याहून नेटके गणित पाहू. त्याची पहिली पायरी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. एखादा संघ एकच सामना खेळला आणि जिंकला, तर त्याचे विजयाचे प्रमाण शंभर टक्के. पण एवढ्यावरून तो अजिंक्य म्हणता येईल का? नाही. म्हणून विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा आणि मग भागा. एकही सामना न खेळलेल्या संघाला १ भागिले २, म्हणजे ०.५ मिळतात : ना चांगला, ना वाईट. एक सामना जिंकणाऱ्याला २ भागिले ३. तिन्ही जिंकणाऱ्या यवतमाळला ४ भागिले ५, म्हणजे ०.८. तिन्ही हरणाऱ्या दिग्रसला १ भागिले ५, म्हणजे ०.२. पुरावा वाढतो तसा अंक ०.५ पासून दूर सरकतो.

दुसरी पायरी वेस्ली कॉली या अमेरिकन खगोलभौतिकी शास्त्रज्ञाची. या शतकाच्या सुरुवातीस त्याने विद्यापीठीय फुटबॉल संघांच्या क्रमवारीसाठी ती वापरली. दारव्ह्याचे २ विजय आपण असे फोडून लिहू : सामन्यांची निम्मी संख्या १.५, अधिक विजय-पराजयांच्या फरकाचा निम्मा भाग ०.५. यातील १.५ म्हणजे तीन वेळा ०.५. याचा अर्थ असा की, तिन्ही प्रतिस्पर्धी मध्यम ताकदीचे होते असे आपण नकळत धरून चाललो होतो! ते तसे नसतील तर त्या जागी प्रतिस्पर्ध्यांचे खरे गुणांकन घालायला हवे. म्हणून नियम असा :

१ मध्ये विजय-पराजयांच्या फरकाचा निम्मा भाग मिळवा. त्यात सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनांची बेरीज मिळवा. आलेल्या संख्येस सामन्यांची संख्या अधिक २ ने भागा.

पण इथे पेच आहे. दारव्ह्याचे गुणांकन काढायला यवतमाळचे हवे आणि यवतमाळचे काढायला दारव्ह्याचे! यावर उपाय साधा आहे. आधी सर्वांना ०.५ द्या व गणित करा. आलेली उत्तरे घेऊन पुन्हा तेच गणित करा. असे करत राहा.

पहिली फेरी : यवतमाळ ०.८, दारव्हा ०.६, नेर ०.६, पुसद ०.४, आर्णी ०.४, दिग्रस ०.२.

दुसऱ्या फेरीत दारव्ह्याचे गणित पाहा. १ अधिक ०.५ अधिक (०.८ + ०.४ + ०.२) म्हणजे २.९, भागिले ५, उत्तर ०.५८. नेरचे : १ अधिक ०.५ अधिक (०.४ + ०.४ + ०.२) म्हणजे २.५, भागिले ५, उत्तर ०.५०. दोघांत अंतर पडले! पुसदचेही या फेरीत ०.५० होतात, कारण त्याची गाठ दोन बलवान संघांशी पडली होती आणि त्याने नेरला हरवले होते.

तिसरी, चौथी फेरी करत गेलात की अंक थोडे वरखाली होत एका जागी स्थिरावतात. शेवटची उत्तरे तीन दशांश स्थळांपर्यंत अशी :

यवतमाळ ०.७९६
दारव्हा ०.५९६
नेर ०.५१८
पुसद ०.४८२
आर्णी ०.४०४
दिग्रस ०.२०४

सर्वांची बेरीज करा. ती ३ येते, म्हणजे सरासरी ०.५ कायम राहते. आपले गणित तपासण्याची ही सोपी खूण आहे. नवव्या-दहावीचे विद्यार्थी सहा समीकरणे मांडून हीच उत्तरे थेट काढू शकतील.

ही कल्पना जुनीच

बलवानाला हरवल्याचे मोल जास्त, हा विचार नवा नाही. एडमंड लांडाऊ या जर्मन गणितज्ञाने १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, बुद्धिबळ स्पर्धांच्या संदर्भात याच प्रकारचे गणित मांडले होते. बुद्धिबळात आज अर्पाड एलो याची गुणांकन पद्धत चालते. जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. संगणकाच्या जाळ्यावरील पानांचा क्रम लावणाऱ्या गूगलच्या मूळ पद्धतीतही हेच तत्त्व आहे : महत्त्वाच्या पानाने केलेला निर्देश अधिक मोलाचा.

मात्र गुणांकन म्हणजे भविष्यवाणी नव्हे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा वाटेत तिने स्वतःहून वरचे गुणांकन असलेल्या खेळाडूंना हरवले. अंक मागचे सांगतात. पुढचा डाव पटावरच होतो.

अंकांच्या मर्यादा

आपल्या उदाहरणात दारव्हा आणि नेर यांच्यातले अंतर ०.०७८ एवढेच आहे आणि पुरावा तीन-तीन सामन्यांचा. शक्य असेल तर दोघांचा एक सामना खेळवणे हाच उत्तम निवाडा. ते शक्य नसेल तेव्हाच गणिताकडे जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणते गणित वापरणार हे पहिला चेंडू उडण्यापूर्वी सर्व संघांना सांगितलेले असावे. निकाल पाहून नियम निवडला, तर बरोबर गणितही अन्यायाचे हत्यार होते.

करून पाहा

१. समजा, पुसद-नेर सामना नेरने जिंकला असता. मग यवतमाळ आणि नेर दोघेही अपराजित. पुन्हा गणित करा. पुढे कोण राहतो?

२. या बदलाने दारव्ह्याचे गुणांकन बदलते का? दारव्हा तर त्या सामन्यात नव्हताच! कारण शोधा.

३. तुमच्या शाळेतील कबड्डी किंवा खो-खो साखळीचे अर्धे निकाल घेऊन क्रमवारी लावा आणि स्पर्धा संपल्यावर ताडून पाहा. शिक्षकांनी वर्गाचे सहा गट करून प्रत्येक गटाला एकेका संघाचे गणित दिल्यास एका तासात चार-पाच फेऱ्या सहज होतात.

उत्तरे : (१) यवतमाळ ०.७६१, नेर ०.६९६. (२) होय, ते ०.५६१ वर येते. दारव्ह्याने हरवलेल्या पुसदचे मोल घटले, म्हणून त्या विजयाचेही घटले.