लेथवर लाकडी वाडगा धरायचा कसा?

लाटणं कातणं तसं सोपं. लांबट लाकूड लेथच्या दोन टोकांत अडकवायचं आणि फिरवायचं. वाडग्याचं तसं नाही. बाहेरून कातताना त्याचा तळ मोकळा हवा, पोट कोरताना तोंड मोकळं हवं. म्हणजे एकच ठोकळा दोन बाजूंनी दोनदा धरावा लागतो. म्हणून पहिला स्क्रू पिळण्याआधीच दुसरी पकड कुठे घेणार, हे ठरलेलं पाहिजे.

आधी एक हिशोब करू. ३० सेंमी व्यासाचा ठोकळा मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ५६ किमी होतो. एवढ्या वेगाने सुटलेलं लाकूड थेट तोंडावर येऊ शकतं. त्यामुळे सुरुवात याहून बऱ्याच कमी वेगाने करायची, आणि साध्या चष्म्याऐवजी पूर्ण चेहरा झाकणारं शिल्ड लावायचं.

पहिली पकड बहुधा फेसप्लेटची. ही भोकं असलेली धातूची चकती. ती वाडग्याच्या तोंडाकडच्या बाजूला स्क्रूंनी बसवतात. स्क्रूची भोकं पुढे पोट कोरताना आपोआप निघून जातात, फक्त स्क्रू पोटाच्या खोलीपेक्षा लांब नकोत. वाडग्याच्या ठोकळ्यात लाकडाचे तंतू सहसा आडवे असतात, म्हणून स्क्रू त्यांना छेदून घट्ट बसतो. ओंडक्याच्या कापलेल्या टोकात मात्र तो तंतूंच्या दिशेनेच शिरतो आणि ताण आला की निसटतो. समोरून टेलस्टॉकचा आधार द्याच.

बाहेरचा आकार झाला की तळाशी एक गोल, बुटका उंचवटा कातून ठेवतात. त्याचा व्यास वाडग्याच्या साधारण एक तृतीयांश. ठोकळा उलटा करून चार जबड्यांच्या चकमध्ये हा उंचवटा पकडायचा. इथे नवशिके हमखास चुकतात: उंचवट्याचं टोक चकच्या तळाला टेकवतात. ते टेकता कामा नये. उंचवट्याभोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे, कारण हत्यार काठाला अडकलं की वाडगा डुलू नये म्हणून तोच खांदा आधार देतो.

उंचवट्याऐवजी तळात खाच करून जबडे आतून बाहेर पसरवता येतात. उथळ थाळीला हे ठीक. पण जबडे लाकूड फाकवतात, खाचेची भिंत पातळ असली तर तळच चिरतो. माझं मत विचाराल तर शिकताना उंचवटाच बरा.

ओलं लाकूड असेल तर ३० सेंमीच्या वाडग्याची भिंत सुमारे ३ सेंमी जाड ठेवून तो काही महिने सुकू देतात. सुकताना वाडगा लंबगोल होतो, आणि उंचवटाही! मग लेथवरच्या लाकडी चकतीवर वाडग्याचं तोंड टेकवायचं, तळावर टेलस्टॉक दाबायचा आणि उंचवटा पुन्हा गोल करून घ्यायचा. शेवटी तो काढून टाकतानाही हीच युक्ती. टेलस्टॉकखाली उरलेला बोटभर खुंट लेथ बंद करून पटाशीने उडवायचा.