बॉक्स बदलण्याआधी सेटिंग बघ

चि. भाच्यास,


दोन स्ट्रीमिंग बॉक्सपैकी कोणत्याचं चित्र चांगलं, याचं उत्तर दुकानात शेजारी-शेजारी लावलेल्या दोन टीव्हींकडे बघून मिळत नाही. तिथे टीव्ही वेगळे, पिक्चर मोड वेगळे, कधी चालू असलेला व्हिडिओही वेगळा. तुलना करायची तर टीव्ही एकच, एचडीएमआय पोर्ट तोच, मोड तोच आणि प्रसंगही तोच हवा.

२०१७ सालची गोष्ट ध्यानात ठेव. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपल टीव्ही फोर-के बाजारात आला. यंत्र दमदार, तरी चोखंदळ प्रेक्षक नाराज झाले. एकदा जो मोड निवडला, त्यातच तो बॉक्स सगळं दाखवायचा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा मोड, निवडला की साधी जुनी मालिकाही एचडीआरमध्ये कोंबली जाई. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा ६०च्या चालीने पळे. डिसेंबरमध्ये त्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, टीव्हीओएस ११.२ आली, त्यात चित्र मुळात जसं आहे तसंच दाखवणाऱ्या ‘मॅच कंटेंट’ची सोय मिळाली आणि त्याच बॉक्सवरचं चित्र सुधारलं. आतला एक स्क्रूही बदलला नव्हता!

ही ६०ची चाल सिनेमाला का मानवत नाही? ६०ला २४ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, असं आलटून-पालटून दाखवावं लागतं. कॅमेरा संथपणे आडवा फिरला की मग चित्र बारीक गचके खातं. शेवटची नामावली वर सरकताना नीट बघ, तिथे ते चटकन दिसतात. फायर टीव्हीवर यासाठी ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ नावाचं सेटिंग आहे.

संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसले तर लगेच बॉक्सला दोष देऊ नकोस. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४; पायऱ्या कमी असल्या की पट्टे दिसू लागतात. शिवाय नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचं इंटरनेट पुरेसं मानतं. उलट फोर-के ब्लू-रे डिस्कचा वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जाऊ शकतो. मूळ प्रवाहातच बारकावे गाळले गेले असतील, तर ते कोणताही बॉक्स परत आणू शकत नाही. म्हणून एकच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही बॉक्सवर लावून बघावी.

बॉक्सची खरी कसोटी जुन्या चित्रांवर लागते. घरातल्या लग्नाच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ बिंदूंचं. ते ३८४० × २१६० च्या पडद्यावर ताणायचं म्हणजे कठीण काम. इथे एनव्हिडिया शील्डसारखे बॉक्स आणि स्वस्त बॉक्स यांत फरक पडतो.

आणि खोक्यावरच्या ‘फोर-के’ या शब्दावर विसंबू नकोस. अँड्रॉइड बॉक्समध्ये वाइडवाइन एल१ ही कॉपी-संरक्षणाची पातळी नसेल तर नेटफ्लिक्स त्या बॉक्सला फोर-के चित्र देतच नाही. पैसे मोजण्याआधी एवढं विचारच.

या रविवारी आधी आहे त्याच बॉक्सची सेटिंग्ज तपास, नामावलीची परीक्षा घे आणि काय दिसलं ते सविस्तर कळव. नवा बॉक्स घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवू.

तुझा,
मामा