फोटोने रक्त नासते का?

गेल्या महिन्यात एक आजी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कसर, वजन घटलेले. मी थुंकीची तपासणी व छातीचा फोटो सांगितला. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, फोटोने रक्त नासतं म्हणतात. नुसतं औषध द्या ना!"

ही भीती अगदीच निराधार नाही. क्ष-किरणांनी आनुवंशिक बदल घडतात, हे मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर दाखवले व त्यासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

आपल्या पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. क्ष-किरणांमुळे त्यांतील डीएनएचे धागे तुटतात. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्याच्या आधाराने तो सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर कधी भलतीच टोके जुळतात आणि दोन गुणसूत्रे मिळून एक विचित्र, दोन गुणसूत्रबिंदू असलेले गुणसूत्र बनते.

तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. म्हणून हा बिघाड पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइटमध्ये शोधतात. त्या प्रयोगशाळेत सुमारे ४८ तास वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली अशी गुणसूत्रे मोजली, की अपघातात किती किरण लागले याचा अंदाज येतो.

मात्र प्रश्न मात्रेचा आहे. छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरण लागतात; निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ लागतात. वरील तपासणीत बिघाड स्पष्ट दिसायला सुमारे १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे हजारभर फोटोंइतकी मात्रा एकदम लागावी लागते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये मात्र १० च्या आसपास लागतात.

थोड्या मात्रेचा धोका थोडा असतो, शून्य मानत नाहीत. मुलांना तो अधिक. म्हणून:

१) डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय फोटो किंवा स्कॅनचा आग्रह धरू नये.
२) जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात व दाखवाव्यात.
३) दिवस गेल्याची शंका असल्यास आधी सांगावे.
४) गरजेचा फोटो टाळू नये.

आजींना हे समजावले. फोटोत डाग दिसला, थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. औषधे सुरू झाली, घरातल्या सर्वांची तपासणीही झाली. फोटो टाळला असता, तर नुकसान किरणांपेक्षा कितीतरी मोठे झाले असते.