पुरावा कोणी द्यावा?

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात ‘एजंट ऑरेंज’ हे तणनाशक जंगलांवर फवारले. त्यात डायॉक्सिन हे विष होते. आजार पुष्कळ वर्षांनी उद्भवले. त्यांचा फवारणीशी संबंध सिद्ध करणे सैनिकांना जड गेले. १९९१ च्या कायद्याने हे ओझे उतरवले. व्हिएतनाममधील सेवा आणि यादीतला आजार, एवढे अपंगत्व-भत्त्यासाठी पुरेसे ठरले. २०२२ मध्ये यादीत उच्च रक्तदाबाचीही भर पडली.

हा प्रश्न आपल्या उपनगरांचाही आहे. मुलुंडला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे, तर घाटकोपरला ब्रेक-लायनिंग बनत असे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात. रोग दिसायला कित्येकदा वीस-तीस वर्षे जातात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कारखानाही कधी बंद पडलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी असा निर्णय दिला की, कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी.

परंतु ती नोंद मालकाच्या कपाटात असते. म्हणून मला वाटते, नोकरी सुटताना तिची प्रत कामगाराच्या हाती पडली पाहिजे. दम लागलेल्या माणसाला पुराव्यासाठी जिने चढायला लावणे हा न्याय नव्हे.