रॅप गाण्यांतला ‘मी’
युवकांसाठी अभ्यासपाठ
वाचन : संत लूकलिखित शुभवर्तमान १२:१३-२१



‘या गाण्यांत नुसती बढाई! माझा पैसा, माझी गाडी, माझे नाव!’ रॅप ऐकणाऱ्या मुलांविषयी पालकांची ही तक्रार असते. तक्रार खोटी नाही, पण अपुरी आहे. ही बढाई आली कुठून, ते आधी पाहू.

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असे मानतात. त्या काळी तेथील इमारती ओस पडत होत्या, आगीत जळत होत्या, रोजगार आटला होता. ज्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुणांना समाज कवडीमोल समजत होता, ते माईक हाती घेऊन ‘मीही कोणीतरी आहे’ असे म्हणू लागले. ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीत वाढलेला जे-झी तरुणपणी अमली पदार्थ विकत असे. १९९६ साली त्याचा पहिला अल्बम आला आणि २०१९ साली ‘फोर्ब्ज’ने त्याला पहिला अब्जाधीश रॅपर म्हटले. गरिबीतून वर यावे ही इच्छा पाप नव्हे. संत थॉमस अक्विनस शिकवतात की, देवाने दिलेल्या देणग्या ओळखून थोर कार्याची आस धरणे हा सद्गुण आहे. नम्रता त्याच्या आड येत नाही. आपल्या उणिवांचे भान ठेवणे हे तिचे काम.

मग चूक कुठे होते? दाखल्यातल्या धनवानाकडे पाहा. पीक जमिनीने दिले, तरी तो ‘माझे पीक, माझी कोठारे’ एवढेच बोलतो, आणि तेही स्वतःशीच. त्याच्या बोलण्यात देव नाही, शेजारी नाही. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. नटोरियस बी.आय.जी. याने १९९४ साली ‘जूसी’ या गाण्यात हलाखीतून वैभवाकडे आल्याचा आनंद गायिला. ९ मार्च १९९७ रोजी गोळीबारात तो ठार झाला, अवघ्या २४ व्या वर्षी. हा देवाचा कोप नव्हे, माणसाच्या हिंसेचा बळी होता. पण संपत्ती आयुष्याची हमी देत नाही, हे यातून दिसते.

रॅपमध्येच याचे उत्तरही सापडते. केंड्रिक लमारच्या २०१५ मधील ‘हाऊ मच अ डॉलर कॉस्ट’ या गाण्यात एक भिकारी श्रीमंत गायकाकडे एक डॉलर मागतो. गायक त्याला झिडकारतो. शेवटी कळते की, मागणारा साक्षात देव होता आणि वाचवलेल्या डॉलरची किंमत म्हणजे स्वर्गातली जागा! मत्तय २५ मधील न्यायदिनाचा प्रसंग आठवतो ना?

तेव्हा गाणी जरूर ऐका, पण पारखून ऐका. ‘मी मोठा होणार’ असे म्हणताना ‘कोणासाठी?’ हेही विचारा.

चिंतनासाठी प्रश्न
१. माझ्या आवडत्या गाण्यातला ‘मी’ इतरांना उचलून धरतो की तुडवतो?
२. माझ्या यशात कोणाकोणाचा वाटा आहे?
३. या आठवड्यात माझ्या पैशातला किंवा वेळेतला कोणता भाग मी गरजूला देईन?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला मोठी स्वप्ने दे आणि ती वाटून घेण्याइतके मोठे मनही दे. आमेन.