बालकांतील आंत्रपुच्छदाह : रक्ततपासणीचा आधार व मर्यादा

वडोदरा येथील सर सयाजीराव जनरल रुग्णालय हे १९४९ साली सुरू झालेल्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. शहराबरोबरच डभोई, पादरा, सावली या तालुक्यांतील रुग्णही तेथे येतात. पोट दुखते म्हणून आणलेले मूल अशा रुग्णालयास नवे नाही. अवघड असतो तो निवाडा : दुखणे अपचनाचे, की आंत्रपुच्छदाहाचे, म्हणजेच अपेंडिसायटिसचे?

मोठा माणूस बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकल्याचे सांगतो. तीन-चार वर्षांचे मूल मात्र सबंध पोटावर हात ठेवते. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा पोटातील लसिकाग्रंथींची सूज यांतही अशीच वेदना होते. त्यामुळे लहान बालकांत निदान होण्यापूर्वीच आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका अधिक असतो. अशा वेळी रक्ताच्या अहवालाकडे साहजिकच आशेने पाहिले जाते.

दाह सुरू झाल्यावर श्वेतपेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, लवकर वाढतात. परंतु त्या इतर संसर्गांतही वाढतात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या द्रव्याचा शोध १९३० साली टिलेट व फ्रान्सिस यांनी लावला. ते यकृतात तयार होते व रक्तातील त्याची वाढ साधारणतः सहा ते बारा तासांनी दिसू लागते. सकाळी पोट दुखू लागले आणि दुपारी रक्त घेतले, तर त्याचे प्रमाण निर्दोष आढळेल. त्यावर विसंबून मुलास घरी पाठविणे ही घोडचूक ठरू शकते. उलटपक्षी, दुखणे दोन दिवसांचे असून श्वेतपेशी व हे प्रोटीन दोन्ही प्राकृत असतील, तर आंत्रपुच्छदाहाची शक्यता बरीच कमी होते. प्रोटीन फार वाढले असल्यास किंवा बिलिरुबिनही वाढले असल्यास आंत्रपुच्छ फुटल्याची शंका घ्यावी. ही शंकाच होय, पुरावा नव्हे.

सॅम्युएल यांनी २००२ साली बालकांसाठी मांडलेल्या दहा गुणांच्या कोष्टकात रक्ततपासणीस दोनच गुण आहेत : श्वेतपेशी दर घनमिलिमीटरला १०,००० वा अधिक असल्यास एक व न्यूट्रोफिल वाढल्यास एक. उरलेले आठ गुण विचारपूस व प्रत्यक्ष तपासणीचे. खोकताना किंवा जागेवर उडी मारताना उजवीकडे खाली दुखणे, एवढ्यालाच दोन गुण आहेत. त्यास खर्च काहीच नाही.

शंका उरल्यास मुलास निरीक्षणाखाली ठेवून काही तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरने, पोट पुन्हा तपासावे. रक्त पुन्हा घ्यावे व सोनोग्राफी करावी. वेदनाशामक दिल्याने निदान झाकले जाते हा जुना समज आता टिकलेला नाही. मूल तळमळत ठेवू नये. एरंडेल वा अन्य रेचक मात्र कटाक्षाने टाळावे. मोठ्या रुग्णालयाकडे पाठविताना चिठ्ठीवर वेदना केव्हा सुरू झाली व रक्त केव्हा घेतले, या दोन्ही वेळा नोंदवाव्यात. त्यांवाचून अहवालातील आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.