डेडिकेशन म्हणजे काय?

'डेडिकेशन' हा शब्द इंग्रजी. पण आता तो मराठी बोलण्यात आला आहे. शाळेच्या सभेत पाहुणे म्हणतात, "या गुरुजींचं डेडिकेशन मोठं आहे." कारखान्यात साहेब म्हणतात, "डेडिकेशन ठेवून काम करा." आपण मान हलवतो. पण अर्थ काय?

हा शब्द लॅटिन या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ, चारचौघांत सांगून एखादी वस्तू देवाला वाहणे. वाहिलेले फूल आपण परत मागत नाही. शब्दाचा गाभा हाच.

आज तो तीन प्रकारे वापरतात.

पहिला, अर्पण करणे. सतलज नदीवरचे भाक्रा धरण पंडित नेहरूंनी १९६३ साली राष्ट्राला अर्पण केले. पुस्तकाच्या आरंभी 'आईस अर्पण' असे छापतात, तेही हेच.

दुसरा, एकाच कामासाठी राखून ठेवणे. फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या लोहमार्गाला 'डेडिकेटेड' मार्ग म्हणतात.

तिसरा, माणसाने स्वतःला कामाला वाहून घेणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. एकदा घरात दाणा उरला नाही. मुले उपाशी राहणार! भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने आधीच मोडले होते. त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. मुलांना जेवण मिळाले. याला म्हणावे डेडिकेशन!

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. लक्ष्मीबाईंवर कुणी सक्ती केली नव्हती. वाहून घ्यायचे ते आपल्या मनाने. कुणी म्हणेल, "दोन तास जास्त थांबा, डेडिकेशन दाखवा," आणि जादा मजुरी देणार नाही. तेव्हा बिचकू नका. सरळ विचारा, "साहेब, जादा कामाचे पैसे किती?" काम मन लावून करावे. पण मजुरी हा आपला हक्क आहे. मोठ्या शब्दाने तो बुडत नाही.

अभ्यास
१. 'डेडिकेशन'ला मराठीत कोणते शब्द आहेत? दोन लिहा.
२. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र का दिले?
३. तुमच्या गावात कामाला वाहून घेतलेले कोण आहे? त्यांच्याविषयी तीन ओळी लिहा.